भित्रा कोणाला म्हणायचे? : कवी विल्फ्रेड ओवेन

आमच्या मळ्यातली विहीर आणखी खोल खणायचे काम चालू होते, तेव्हाची ही आठवण. मी त्या वेळी पाचवीत असेन. खाली काळा कातळ लागला होता आणि रोज दुपारी सुरुंग उडायचा. गडी आधी मोठ्याने ओरडून सगळ्यांना लांब पिटाळायचे. आम्ही मुले कानात बोटे घालून बांधावर उभी राहायचो आणि धुरळा उडाला की टाळ्या पिटायचो. आजोबा मात्र तो ओरडा ऐकला की उठून गोठ्यात जात आणि म्हशीच्या मानेवर हात टाकून उभे राहत. सुरुंग उडून गेला, गडी पुन्हा विहिरीत उतरले, तरी ते बाहेर येत नसत.

आजोबा फौजेत होते आणि १९७१च्या लढाईत पश्चिम आघाडीवर होते, हे साऱ्या गावाला ठाऊक होते. म्हणूनच तर आम्हां नातवंडांना मोठी गंमत वाटे. लढाईवरून आलेला माणूस विहिरीच्या सुरुंगाला भितो! एकदा मी त्यांना भित्रे आजोबा अशी हाक मारली. ते रागावले नाहीत आणि हसलेही नाहीत. आजीने मात्र मला माजघरात नेऊन दंडाला असा चिमटा काढला की दोन दिवस वळ गेला नाही. मी आठवीत असताना आजोबा गेले. त्या हाकेबद्दल त्यांची क्षमा मागायची राहून गेली.

गेल्या वर्षी इंग्रजीच्या तासाला सरांनी विल्फ्रेड ओवेनची कविता शिकवायला घेतली. कवितेआधी त्यांनी कवीचे चरित्र थोडक्यात सांगितले आणि त्यात शेल शॉक हा शब्द आला. वर्गात कोणी फारसे लक्ष दिले नाही, परीक्षेला चरित्र येत नाही ना! मला मात्र एकाएकी गोठ्यातले आजोबा दिसू लागले. त्यानंतर ग्रंथालयातून ओवेनच्या कविता, त्याची पत्रे आणि चरित्रे आणून मी वाचत राहिलो. त्या वाचनातून मला जो ओवेन दिसला, तो येथे मांडतो.

विल्फ्रेड ओवेनचा जन्म १८ मार्च १८९३ रोजी इंग्लंडमध्ये, श्रॉपशायर परगण्यातल्या ऑस्वेस्ट्रीजवळ झाला. वडील टॉम रेल्वेत नोकरीला, आई सुझन अत्यंत धर्मनिष्ठ. चार भावंडांत हा थोरला. आजोळच्या आजोबांचे घर ऐसपैस होते. ओवेन कुटुंब त्यातच राहत असे. पण १८९७ मध्ये ते आजोबा वारले, घर विकावे लागले आणि कुटुंब आधी बर्कनहेडला, मग श्रूझबरीला भाड्याच्या घरांतून राहू लागले. पगार बेताचा, तोंडे सहा. आपल्याकडच्या कोणत्याही मध्यमवर्गीय घरात शोभेल असाच हा संसार होता. थोरल्या मुलावर आईचा फार जीव आणि त्याचाही आईवर. त्याने आईला लिहिलेली पाचशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. आपल्याला ओवेनच्या मनातले जे कळते, ते बहुतांशी या पत्रांमुळेच.

मुलगा पुस्तकवेडा होता. कीट्स हे त्याचे दैवत. १९११ मध्ये लंडन विद्यापीठाची प्रवेश परीक्षा तो उत्तीर्ण झाला, पण शिष्यवृत्ती मिळण्याइतके गुण पडले नाहीत आणि घरी पैसा नव्हता. शिक्षण तेथेच अडले. रेडिंगजवळच्या डन्सडेन या खेड्यात एका धर्मोपदेशकाचा मदतनीस म्हणून त्याने दीड वर्ष काढले. गरिबांच्या खोपटांतून आजाऱ्यांची विचारपूस करायची, मुलांना धडे द्यायचे, असे ते काम. तेथे चर्चच्या धर्मावरचा त्याचा विश्वास डळमळला. १९१३च्या प्रारंभी तो घरी परतला आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये बोर्दो शहरी इंग्रजी शिकवायला गेला. १९१४च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले, तेव्हा तो तेथेच शिकवण्या करत होता. त्याला लढाईचे वेड नव्हते. वर्षभर मन चाळवत राहिले आणि अखेर ऑक्टोबर १९१५ मध्ये इंग्लंडला येऊन तो सैन्यात दाखल झाला. जून १९१६ मध्ये मँचेस्टर रेजिमेंटमध्ये सेकंड लेफ्टनंट म्हणून त्याची नेमणूक झाली आणि १९१६ सरता सरता त्याला फ्रान्सला पाठवण्यात आले.

येथपर्यंत हे चरित्र कोणत्याही कविमनाच्या तरुणाचे आहे. पुढच्या चार महिन्यांनी ते पार बदलून टाकले.

जानेवारी १९१७ मध्ये ओवेन आणि त्याची पंचवीस माणसे दोन्ही सैन्यांच्या मधल्या ओसाड पट्ट्यातल्या एका भुयारात अडकली. आत गुडघ्याच्या आसपास पाणी, वरून जर्मन तोफांचा अखंड मारा. असे पन्नास तास गेले. त्या काळात आपला धीर सुटत आला होता आणि हळूहळू चढणाऱ्या पाण्यात स्वतःला सोडून द्यावे असे वाटू लागले होते, हे त्याने आईला लिहिलेल्या पत्रात कबूल केले आहे. भुयाराच्या पायऱ्यांवर त्याने एक पहारेकरी ठेवला होता. गोळा जवळ फुटला, तो पहारेकरी खाली फेकला गेला आणि त्याची दृष्टी गेली. त्या माणसाला तेथे उभे करणारा ओवेनच होता. पुढे दीड वर्षाने, १९१८च्या सप्टेंबरमध्ये, त्याने 'द सेंट्री' ही कविता पुरी केली. तोपर्यंत ते डोळे त्याच्या स्वप्नांतून हटले नव्हते.

मार्चमध्ये अंधारात तो एका पडक्या तळघरात कोसळला, डोक्याला मार बसला आणि काही दिवस इस्पितळात पडून राहावे लागले. बरा होऊन परतला तो पुन्हा लढाईतच. एप्रिलमध्ये सेंट क्वेंटिनजवळ त्याच्या पलटणीने हल्ला केला. त्यानंतर बारा दिवस अंग धुणे नाही, पायांतले बूट काढणे नाही. रेल्वेच्या एका बांधाजवळ तो विसावला असता तोफगोळा अगदी शेजारी पडला आणि त्या स्फोटाने तो हवेत फेकला गेला. त्यानंतरचे काही दिवस त्याने एका खड्ड्यात काढले. जवळच त्याच्या ओळखीच्या एका अधिकाऱ्याचे अवशेष पडले होते.

या सगळ्यात ओवेनच्या अंगावर मोठी जखम झाली नाही. रक्त आले नाही, हाड मोडले नाही. पण मेच्या आरंभी लोकांच्या लक्षात आले की, हा माणूस थरथरतो आहे, त्याचे वागणे विचित्र झाले आहे, त्याला मागचे-पुढचे नीट आठवत नाही. त्या सुमारास त्याच्या वरिष्ठाने त्याच्यावर भित्रेपणाचा ठपका ठेवला असावा, असे त्याचे चरित्रकार मानतात. तो सल त्याच्या मनात अखेरपर्यंत राहिला.

या ठपक्याचे वजन कळण्यासाठी त्या काळाकडे थोडे वळून पाहिले पाहिजे. शेल शॉक, म्हणजे तोफगोळ्याचा धक्का, हा शब्द १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या डॉक्टरने वैद्यकीय नियतकालिकात प्रथम वापरला. आरंभी डॉक्टरांना वाटे की, स्फोटाच्या हादऱ्याने मेंदूलाच इजा होत असावी. पण हळूहळू ध्यानात आले की, गोळा जवळ न फुटताही माणसे मुकी होत आहेत, आंधळी होत आहेत, त्यांचे पाय चालेनासे होत आहेत. शरीर धड, पण मन मोडलेले! युद्ध संपेपर्यंत ब्रिटिश सैन्यात अशा रुग्णांची संख्या सुमारे ८०,००० झाली. सेनाधिकाऱ्यांना तर हा शब्दच नको होता, कारण आजाराला नाव दिले की तो आजार मानावा लागतो. १९१७ मध्ये आघाडीवर त्या शब्दाच्या वापरावर निर्बंध आले.

आणि ज्यांच्यावर आजारी असा शिक्का बसला नाही, त्यांचे काय झाले? पळून जाणे, भित्रेपणा आणि असल्याच आरोपांखाली ब्रिटिश साम्राज्याच्या ३०६ सैनिकांना त्यांच्याच सैन्याने गोळ्या घातल्या. त्यांतले बहुतेक साधे शिपाई होते. त्यांच्यापैकी कितीजणांची मने आधीच मोडली होती, हे आता कोण सांगणार? २००६ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून या सर्वांना क्षमा केली. नव्वद वर्षांनी! अधिकारी आणि शिपाई यांच्यातला भेद उपचारांतही होताच. अनेक शिपायांच्या मुक्या घशांना आणि लुळ्या पायांना विजेचे झटके देऊन बोलते-चालते करण्याचे प्रयोग झाले. अधिकाऱ्यांच्या वाट्याला टेकडीवरची हवेशीर इस्पितळे आली. ओवेन अधिकारी होता, हे त्याचे नशीब.

२६ जून १९१७ रोजी तो स्कॉटलंडमध्ये एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट युद्ध रुग्णालयात दाखल झाला. ही इमारत मूळची जलोपचारांसाठी बांधलेली. आज ती एका विद्यापीठाचा भाग आहे आणि तेथे विद्यार्थी वावरतात. त्या काळी मात्र दिवसा हे इस्पितळ एखाद्या बऱ्यापैकी हॉटेलासारखे दिसे. अधिकारी गोल्फ खेळत, गप्पा मारत, शहरात फिरायला जात. रात्र झाली की तीच माणसे झोपेत किंचाळू लागत.

ओवेनला डॉक्टर लाभले ते आर्थर ब्रॉक. त्यांचा उपाय एकच होता : काम. औषधाच्या बाटल्या नकोत, पडून राहणे नको. युद्धाने माणसाचा आपल्या भोवतालाशी असलेला धागा तोडला आहे, तो हाताने काहीतरी करूनच पुन्हा जुळेल, अशी त्यांची श्रद्धा. पायाला जमीन लागली की बळ परत येणारा अँटीयस हा ग्रीक पुराणातला मल्ल त्यांचे आवडते उदाहरण होते. त्यांनी ओवेनला त्या मल्लावर कविता लिहायला लावली, निसर्गमंडळात वनस्पतींवर व्याख्यान द्यायला लावले, एडिंबरोच्या एका शाळेत मुलांना इंग्रजी शिकवायला पाठवले आणि रुग्णालयाच्या 'द हायड्रा' या नियतकालिकाचे संपादन त्याच्या गळ्यात घातले. आपल्या वार्षिकांकाच्या संपादक मंडळाने हे आवर्जून वाचावे! मजकूर मागत हिंडणे, आलेला मजकूर तपासणे, अंक वेळेवर काढणे, ही जी कटकट आपण दरवर्षी करतो, तिने एका खचलेल्या माणसाला पायावर उभे केले. त्याच अंकांत ओवेनने स्वतःच्या दोन कविता नाव न घालता छापल्या. त्याच्या हयातीत छापून आलेल्या कविता एकूण पाच, त्यांतल्या या दोन.

ऑगस्टमध्ये त्याच इस्पितळात त्याला सीगफ्रीड ससून भेटला. हे आडनाव आपल्याला परके नाही. मुंबईचा ससून डॉक आणि पुण्याचे ससून रुग्णालय ज्या घराण्याचे नाव सांगतात, त्याच घराण्यातला हा कवी. मुंबईचे दानशूर व्यापारी डेव्हिड ससून, ज्यांची कबर पुण्याच्या लाल देवळाच्या आवारात आहे, ते याचे पणजोबा. शौर्याबद्दल मिलिटरी क्रॉस मिळवलेल्या या ससूनने १९१७च्या जुलैमध्ये, हे युद्ध मुद्दाम लांबवले जात आहे, असे जाहीर निवेदन केले होते. अशा वीराला तुरुंगात टाकणे सरकारला परवडणारे नव्हते, म्हणून त्याला मनोरुग्ण ठरवून येथे धाडण्यात आले. त्याचे डॉक्टर रिव्हर्स हेही आपल्या परिचयाचे असायला हवेत. निलगिरीतल्या तोडा लोकांमध्ये राहून त्यांच्यावर १९०६ मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध करणारे मानववंशशास्त्रज्ञ ते हेच. भयंकर आठवणी विसरा, असे सांगणाऱ्यांपैकी रिव्हर्स नव्हते. त्या दाबून ठेवू नका, त्यांच्याकडे पाहा, त्या बोलून दाखवा, असे त्यांचे मत होते.

ओवेन भीतभीतच ससूनच्या खोलीत गेला, त्याच्याच कवितासंग्रहाच्या प्रती स्वाक्षरीसाठी हातात घेऊन. ससून मोठ्या घरचा आणि नावाजलेला, हा रेल्वे नोकराचा मुलगा. पण मैत्री जमली. ससूनने त्याच्या कवितांवर पेन्सिल चालवली, शब्द बदलले आणि महत्त्वाचे म्हणजे, जे पाहिलेस तेच लिही, हा धीर दिला. तोवर ओवेन कीट्सच्या वळणाची, फुलापानांची कविता लिहीत होता. आता त्याची रोजची दुःस्वप्नेच कागदावर उतरू लागली. 'अँथम फॉर डूम्ड यूथ' ही कविता सप्टेंबरमध्ये लिहिली गेली. विषारी वायूच्या हल्ल्यात गुदमरून मरणाऱ्या सैनिकाची कविता ऑक्टोबरमध्ये. देशासाठी मरण्याचा गौरव करणाऱ्या रोमन कवी होरेसच्या ओळीतलेच शब्द त्याने तिला नाव म्हणून दिले आणि त्या गौरवाला उलटा जाब विचारला. १९१८ मध्ये त्याने 'मेंटल केसेस' लिहिली. तिच्यात मन उद्ध्वस्त झालेले सैनिकच समोर बसलेले आहेत. डॉक्टर ज्याला लक्षणे म्हणत होते, त्याला ओवेनने साक्ष केले.

या कविता घरी बसून युद्ध पाहणाऱ्याच्या नाहीत. भित्रा म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले गेले, त्याच्या त्या आहेत. हे लक्षात ठेवून वाचल्या की त्यांचा अर्थच बदलतो.

नोव्हेंबर १९१७ मध्ये रुग्णालयातून सुटका झाल्यावर त्याला इंग्लंडमध्येच हलकी कामे देण्यात आली. १९१८च्या जूनमध्ये डॉक्टरांनी तो लढाईसाठी समर्थ असल्याचा निर्वाळा दिला. मित्रमंडळी त्याला इंग्लंडमध्येच काम मिळवून देण्याच्या खटपटीत होती आणि त्यात वावगे काही नव्हते. पण जुलैमध्ये डोक्याला गोळी लागून ससून परतला. आता तेथले सत्य सांगणारा तेथे कोणी उरला नाही, असे ओवेनला वाटले. आपल्या माणसांना जमेल तितके सांभाळावे, त्यांच्या यातना पाहाव्यात आणि मग त्यांच्या वतीने बोलावे, असा त्याचा हिशेब होता. शिवाय तो जुना ठपकाही मनात असेलच. ऑगस्टच्या अखेरीस तो पुन्हा फ्रान्सला गेला.

१ ऑक्टोबरच्या हल्ल्यात जॉनकोर्ट गावाजवळ वरचे अधिकारी जायबंदी झाल्यावर त्याने तुकडीचे नेतृत्व केले, शत्रूची मशीनगन ताब्यात घेतली, कैदी पकडले. त्यासाठी त्याला मिलिटरी क्रॉस जाहीर झाला, तोही १९१९ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर. सतरा महिन्यांपूर्वी थरथरणारा तो हाच माणूस. मग तो आधी भित्रा होता आणि नंतर शूर झाला असे म्हणायचे का? मला तसे वाटत नाही. माणूस तोच होता, धैर्यही तेच होते. प्रत्येकाच्या मनाची एक पेलण्याची सीमा असते आणि १९१७च्या वसंतात ती ओलांडली गेली होती, इतकेच.

४ नोव्हेंबर १९१८च्या पहाटे ऑर्स गावाजवळ साँब्र-वाझ कालवा ओलांडण्याचा हुकूम झाला. पलीकडच्या काठावरून मशीनगनचा मारा होत असताना तरंगता पूल जोडायचा होता. आपल्या माणसांना धीर देत पाण्याच्या कडेला वावरत असताना ओवेनला गोळी लागली. वय पंचवीस. बरोबर एका आठवड्याने, ११ नोव्हेंबरला, युद्ध थांबले. श्रूझबरीत विजयाच्या घंटा वाजत होत्या, त्याच दिवशी मृत्यूची तार आईच्या हातात पडली.

शेवटच्या वेळी निरोप घेताना त्याने आईला रवींद्रनाथांच्या 'गीतांजली'तले शब्द म्हणून दाखवले होते. त्याच्या सामानातून परत आलेल्या वहीत ते शब्द, खाली टागोरांचे नाव घालून, लिहिलेले तिला सापडले. १९२० मध्ये या आईने रवींद्रनाथांना पत्र लिहून ही हकीकत कळवली. त्याच वर्षी ससूनच्या पुढाकाराने ओवेनचा पहिला संग्रह निघाला. ऑर्सच्या दफनभूमीत त्याच्या कबरीवर आईने त्याच्याच कवितेतल्या ओळी कोरून घेतल्या. मरण खरेच मागे सरते का, असा प्रश्न त्या ओळींत कवीने विचारला होता. आईने शेवटचे प्रश्नचिन्ह तेवढे गाळले. मुलाची शंका तिने श्रद्धा करून टाकली. तिला दोष कोण देईल?

हे सारे दूरच्या देशातले, शंभर वर्षांपूर्वीचे, असे कोणी म्हणेल. पण आपल्याकडे कुरुक्षेत्रावर अर्जुनाच्या अंगाला कंप सुटला, हातातले गांडीव गळू लागले, तेव्हा त्याला कोणी कडेला नेऊन गोळी घातली नाही. त्याचे ऐकून घेणारा सारथी त्याच्याजवळ होता. आणि युद्ध जिंकल्यावरही युधिष्ठिराला राज्य नकोसे झाले, हे शांतिपर्वात व्यासांनी लपवलेले नाही. पहिल्या महायुद्धात आपल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात सापडल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील सैन्य शरण गेले आणि वाचलेल्यांच्या नशिबी कैद आली. त्यांतून जे गावी परतले, त्यांना रात्री काय दिसत असेल? त्यांच्यातला ओवेन मला कोणत्याही पुस्तकात भेटलेला नाही. १९८० मध्ये अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी या व्याधीला आघातोत्तर तणावाचा विकार म्हणून आपल्या ग्रंथात रीतसर स्थान दिले. पण नाव मिळाले म्हणून गावोगावच्या ओट्यांवर रात्र रात्र जागणाऱ्यांना झोप लागली, असे थोडेच आहे?

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो होतो. आजीला ओवेनची गोष्ट सांगितली. ती तांदूळ निवडत ऐकत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली की, आजोबांच्या खंदकातही पाणी होते आणि एक सोबती होता. त्याचे नाव तिने सांगितले, पुढे काही बोलली नाही. आजोबांनी लग्नानंतर एवढ्या वर्षांत फक्त एकदाच ते नाव घेतले होते म्हणे. मी मळ्यात गेलो. विहिरीला आता भरपूर पाणी आहे. गोठ्यात आजोबांची म्हैस नाही, तिची नात आहे. तिच्या मानेवर हात ठेवून मी थोडा वेळ उभा राहिलो. राहून गेलेली क्षमा तेथेच मागितली.

(तृतीय वर्ष कला)